काही नाही, दोन मिनिटं

प्रिय संशोधकबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. माझं अक्षर तू आजवर पाहिलंस ते फ्रिजवरच्या चिठ्ठीत, 'किल्ली वरच्या वहिनींकडे आहे', एवढंच. आणि एक ते लग्न ठरल्यावरचं पत्र, ज्यात मी अर्धं पान हवामानाबद्दल लिहिलं होतं म्हणून तू अजून चारचौघांत माझं हसं करतेस. तर बाई, हे दुसरं पत्र. यात हवामान नाही. दुपारपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा पेन चालेना म्हणून, एकदा खुर्ची करकरते म्हणून तिचे स्क्रू आवळायला, आणि एकदा उगाचच, बाहेर कुणी आलंय का बघायला. कुणी आलं नव्हतं. आज मी सुट्टी घेतली आहे. का घेतली ते पुढे येईल. मध्येच पानं उलटून शेवट वाचू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

आधी घरची खबर. घर जागच्या जागी आहे, सामान मात्र नाही. मी बैठकीतला सोफा खिडकीखाली नेला, मग परत भिंतीला आणला, मग पुन्हा खिडकीखाली नेला. खालच्या मजल्यावरचे आजोबा विचारायला आले की भाडेकरू बदललेत का. तुझ्या अटींचा कागद मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आहे तसाच आहे. त्याची चिकटपट्टी एका कोपऱ्यातून सुटली आहे, मी येता-जाता अंगठ्याने दाबतो. चहाला उकळी फुटेपर्यंत उभ्या माणसानं बघायचं तरी काय? त्यामुळे तो कागद मला तोंडपाठ झाला आहे. मानसशास्त्रात बी.एस्सी. व्हायला काय काय लागतं, असं कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पायाभूत गणित. जीवशास्त्र, प्रयोगशाळेसकट. संख्याशास्त्राचे दोन पेपर, आणि पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मेंदू आणि मज्जासंस्था, संशोधनाच्या पद्धती, सह्या असलेली प्रयोगवही, आणि वर मानसशास्त्राशी काडीचा संबंध नसलेला एक विषय, कारण विद्यार्थ्याची नजर रुंद व्हावी. संगीताच्या जागा भरल्या म्हणून तू भूशास्त्र घेतलंस आणि आपल्या खिडकीत दगडांची रांग लागली. मी ते पुसतो हं. तो पट्ट्यापट्ट्यांचा, जो तुझ्या म्हणण्याप्रमाणे कोट्यवधी वर्षांचा आहे, तो सध्या मागच्या दाराला अटकाव म्हणून लावला आहे. रागावू नकोस, इतकी वर्षं काही न करता बसला होता, आता कामाला लागला.

सगळ्या अटींपुढे तुझ्या हिरव्या पेनच्या खुणा आहेत. फक्त शेवटच्या दोन रिकाम्या आहेत. एक तू आता गेली आहेस तिथली, इस्पितळातली प्रत्यक्ष कामाची सत्रभर हजेरी. आणि दुसरी तुझा प्रकल्प. आणि प्रकल्प म्हणजे मी.

तुला आठवतं का, प्रवेश घेतलास तेव्हा तुझा भाऊ केवढा शहाणपणा शिकवायला आला होता? ताई, करायचंच तर बी.ए. कर, वाचायचं आणि लिहायचं, या वयात ते गणित आणि बेडूक कशाला. आमचे मेहुणे म्हणजे उंटावरचे शहाणे, त्यात नवीन काही नाही. तू त्याच्यापुढे चहा ठेवलास आणि म्हणालीस की वाचायला मला कुणीच अडवलं नव्हतं, मला मोजायचंय. इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसून तू इतकी वर्षं घाबरलेली माणसं पाहिलीस, आणि प्रत्येकाला तेच सांगत आलीस, बसा, नंबर येईल. कोण किती घाबरलंय हे मोजता आलं तर कुणाला आधी आत न्यायचं ते कळेल, असं तू म्हणाली होतीस. मला तेव्हा ते फारसं समजलं नव्हतं. भीती काय किलोवर मोजायची असते, असं मी हसून म्हणालो. पुढे संख्याशास्त्रानं तुला नाकी नऊ आणले. पहिल्या खेपेला नापास झालीस तेव्हा न्हाणीघरात नळ सोडून रडलीस आणि मी बाहेरून म्हणालो, काही नाही गं, होईल. मेंदूच्या वेळी मजा होती. फ्लॉवरचा गड्डा मधोमध कापून त्याच्यात टाचण्या टोचल्या होत्यास, आणि त्याचीच भाजी केलीस तेव्हा माझ्या घासात एक टाचणी आली. ती मी जपून ठेवली आहे.

थांब, दूध उतू गेलं.

आलो. पुसून टाकलं. तर मी म्हणत होतो, प्रकल्प म्हणजे मी. पण त्याआधी मी तुझा प्रयुक्त झालो ते केवढ्या थाटात! तुमच्या प्रयोगशाळेची रीतच अशी की प्रयोग करणारा एक आणि ज्याच्यावर करायचा तो एक, म्हणजे प्रयुक्त, आणि हा दुसरा माणूस विद्यार्थ्यानं स्वतः धरून आणायचा. तुझ्या वर्गातली पोरं एकमेकांना धरायची. तू पडलीस त्यांच्या आईच्या वयाची, तुला कोण मिळणार? पहिल्या वर्षी तू सगळ्या नातेवाइकांना धरून पाहिलंस. तुझी आई शब्द लक्षात ठेवण्याच्या प्रयोगात मध्येच झोपली. आपली लेक म्हणाली, आई, मला परीक्षेसारखं वाटतं, मी नाही. वरच्या वहिनी तर तू घड्याळ काढलंस की जिना चढून पसार. उरलो मी, आपले हक्काचे. आरशात बघून तारा काढायचा तो प्रयोग मला अजून आवडतो. हात झाकलेला, समोर आरसा, आणि आरशात बघत दुहेरी रेघेच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या वेळी माझी पेन्सिल जी भरकटली ती ताऱ्याच्या बाहेर, कागदाच्या बाहेर, टेबलावर गेली. रोज लिफ्टच्या शाफ्टमध्ये अंधारात बोल्ट लावणारा माणूस मी, आणि मला एक रेघ धड ओढता येईना. घाम फुटला. तू शांतपणे चुका मोजत होतीस आणि म्हणालीस, पुन्हा. दहाव्या ताऱ्याला मी रेघेच्या आतच राहिलो. तू आलेख काढून दाखवलास, चुकांची रेघ उतरत गेलेली. तो आलेख मी ऑफिसात नेऊन माझ्या जोडीला असतो त्या दाढीवाल्याला दाखवला होता, तुला माहीत नसेल.

आणि मग आली ती प्रश्नावली. इथे आपलं गाडं अडलं. एका माणसाचा सखोल अभ्यास करायचा, त्याच्या तपासण्या, मुलाखती आणि ही चिंतेची आणि स्वभावाची लांबलचक प्रश्नावली. तू घरीच, जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवलीस. मी अगदी मन लावून भरली. मला कधीच राग येत नाही: हो. मी कुणाविषयी कधीच मागून वाईट बोललो नाही: हो. मी कशालाही घाबरत नाही: हो. मला रात्री शांत झोप लागते, माझा कधी कुणाशी वाद झाला नाही, मी दिलेला प्रत्येक शब्द पाळला आहे: हो, हो आणि हो. मला आपलं वाटलं, नवरा चांगला निघाला की तुला जास्त मार्क मिळतील. खरंच सांगतो, त्यामागे दुसरं काही नव्हतं. पोराचं प्रगतिपुस्तक चांगलं निघालं की आईचं नाव होतं ना, तसं. आता मला काय ठाऊक की त्या प्रश्नांच्या मध्ये मध्ये मुद्दाम खोटारडे पकडायला प्रश्न पेरलेले असतात! तुझ्या विभागातल्या मॅडमनी वर उत्तरांची पट्टी ठेवून गुण मोजले आणि खोटेपणाच्या रकान्यात मला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले. जन्मात कुठल्या परीक्षेत मिळाले नव्हते एवढे. मॅडम म्हणे हसल्या, पहिल्यांदा असं होतं म्हणाल्या, पुन्हा घ्या. तू मला समजावून सांगितलंस. मी दुसऱ्यांदा भरली, आणि या खेपेला शहाणपणा करून दोन-चार ठिकाणी नाही लिहिलं, मला आंबट आवडत नाही वगैरे. खोटेपणाचे गुण एकाने वाढले.

त्या संध्याकाळी तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू भांडी घासत होतीस. पाठ माझ्याकडे. तू म्हणालीस की या घरात मी एवढी वर्षं काढली आणि माझ्याकडे तुमचा एकही खरा आकडा नाही. मी सवयीनं म्हणालो, काही नाही गं, होईल, दोन मिनिटांचं काम आहे, परत भरतो. तेव्हा तू हात पुसून वळलीस आणि म्हणालीस, तुम्ही माझ्याशी जन्मभर लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईशी बोलावं तसं बोलत आला आहात. मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. लिफ्ट अडकली की दाराबाहेरून आम्ही आतल्या माणसाला पहिलं वाक्य सांगतो ते हेच, काही नाही, दोन मिनिटं. मग पुढे दोन मिनिटं लागोत की दोन तास. दोर तुटलाय की नुसती वीज गेली आहे हे आम्हालाही तेव्हा ठाऊक नसतं. पण आतला माणूस दार बडवायला लागला, उड्या मारायला लागला, की काम आणखी बिघडतं. म्हणून आम्ही तसं म्हणतो. पहिल्या आठवड्यात माझ्या मिस्त्रींनी मला पाना धरायच्या आधी हे वाक्य शिकवलं होतं. ते ऑफिसातून घरी कधी आलं ते मला कळलंच नाही.

आणि परिस्थिती काय होती ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. एका प्रयुक्ताला तीनच संधी. दोन मी वाया घालवल्या. तिसऱ्यातही पट्टी खोटं म्हणाली तर सगळा प्रकल्प बाद, नवा माणूस शोधा, नवं वर्ष. आणि पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम बदलतोय, म्हणजे तुझ्या त्या हिरव्या खुणांतल्या किती उरतील ते मॅडमनाही सांगता येईना. मॅडमनी तोड काढली. तिसरी फेरी घरात नाही, बायकोपुढे नाही. विभागात, एखाद्या तिऱ्हाइत विद्यार्थ्यापुढे. गुण मात्र तू मोजायचे, कारण प्रकल्प तुझा. दुसऱ्याच आठवड्यात तू परगावी, तिथल्या इस्पितळाच्या कामाला गेलीस. गाडी सुटताना तू खिडकीतून एकच सांगितलंस की या वेळी खरं लिहा, काहीही असलं तरी. मी मान हलवली आणि गाडी वळणावर जाईपर्यंत हात हलवत राहिलो. तिथून चालत घरी आलो, एवढं अंतर, बसही घेतली नाही.

त्यानंतर जे चालायला लागलो तो चालतोच आहे. पायाला भिंगरी लागली आहे माझ्या. संध्याकाळी घरात शिरलो की बॅग ठेवायची आणि पुन्हा बाहेर. बाजार, नदीवरचा पूल, तुमचं कॉलेज, परत. एकदा तर थेट गाड्यांच्या फलाटावर जाऊन बाकावर बसलो, तू आहेस त्या गावाहून येणारी गाडी आली, माणसं उतरली, गेली, मग उठलो. वरच्या वहिनींनी तुला फोन करून चुगली केली ना, की भावजी सारखे जिन्यावर असतात? मला वाटलंच. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो व्यायाम. तू बरं म्हणालीस, पण मध्ये जरा थांबून.

आता जे सांगायचं ते सांगतो, पण बसून नाही होत, उभ्यानं लिहितोय, कपाटाला कागद टेकवून. म्हणून अक्षर असं. मागच्या महिन्यात त्या नव्या उंच इमारतीत दाढीवाला आणि मी गेलो होतो. नेहमीचं काम. मी केबिनच्या टपावर, तो वरच्या मजल्याच्या दारात. हजार वेळा केलंय. आणि अचानक मला श्वास मिळेना. छातीत कुणी पाना आवळतंय असं झालं. हात दोराला असा घट्ट बसला की सुटेना, खाली बघवेना आणि वर बघवेना. मला वाटलं, संपलं. आणि खोटं सांगत नाही, त्या वेळी माझ्या डोक्यात देव नाही आला, लेक नाही आली. तुझा तो कपाटावरचा कागद आला, दोन रिकाम्या जागांसकट. दाढीवाल्यानं वरून माझा चेहरा बघितला असणार. तो काय म्हणाला असेल सांग? काही नाही साहेब, दोन मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मी आतल्या बाजूने ऐकलं. बरं वाटतं गं, अगदीच नाही असं नाही. पण चीडही येते. ओरडून सांगावंसं वाटतं की अरे, मला आत्ता काहीतरी होतंय, आणि तू आपला घड्याळ दाखवतोस. त्यानं मला हाताला धरून बाहेर काढलं. जिन्यावर बसवून पाणी दिलं. तेव्हापासून ऑफिसच्या साहेबांनी मला वर चढू दिलेलं नाही. मी तळमजल्यावर तक्रारींच्या फोनवर बसतो. ऑफिसचं काम वाढलंय, असं मी तुला सांगितलं होतं, ते हे.

रोज संध्याकाळी फोनवर तू विचारतेस, कसे आहात. आणि रोज ठरवून फोन उचलतो की आज सांगायचं. पण तोंड उघडलं की त्यातून तेच बाहेर पडतं. तोंडाला वळण लागलंय, त्याला मी काय करू? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमचे वडील म्हणायचे, ते काय अंगात भिनलंय. हाताला मात्र ती सवय नाही, कारण हातानं मी कधी लिहिलंच नाही. म्हणून पत्र.

तर काल तिसरी फेरी झाली. तुमचा विभाग मी बाहेरून कितीदा पाहिलेला, आत पहिल्यांदाच गेलो. ती खोली म्हणजे दोन खुर्च्या, एक टेबल, मध्ये सरकवायचा लाकडी पडदा. फळीवर माझा जुना मित्र, ताऱ्याचा आरसा. तिऱ्हाईत म्हणून जी पोरगी होती ती एवढीशी, मोठ्या चष्म्याची, आपल्या लेकीपेक्षाही लहान. तिचीही ही अटच, अशा काही प्रश्नावल्या घेतल्याशिवाय तिलाही खूण मिळत नाही. ती माझ्याहून घाबरलेली. सूचना वाचताना दोनदा तिची ओळ चुकली. काका, यात बरोबर किंवा चूक असं काही नसतं, मनात पहिलं येईल ते लिहा. मी म्हणणार होतो, काही नाही बाळा, होईल. जिभेवर आलं होतं. गिळलं.

आणि लिहायला लागलो. मी कधीकधी लोकांविषयी मागून बोलतो. हो, तुझ्या भावाविषयी, दर रविवारी. मला राग येतो. हो. तू पुस्तक घेऊन बसायचीस आणि मी दोनदा हाक मारूनही तुला ऐकू यायचं नाही तेव्हा आला होता, आणि मी तो फ्रिजच्या दारावर काढला, रबर त्यामुळेच फाटलं. मला काही वेळा विनाकारण रडू येतं. इथे मी छताकडे बघितलं. त्या पोरीनं घाई केली नाही, चांगली शिकवली आहे मॅडमनी. मागच्या रविवारी मी साखरेची बरणी उघडली. तू झाकणं इतकी आवळून लावतेस की ती उघडणं हे या घरातलं माझं कामच होऊन बसलं होतं, रोज सकाळी तू बरणी पुढे करायचीस आणि मी ऐट दाखवून उघडायचो. आता लावणारा मीच, त्यामुळे झाकण सैल. एका बोटानं निघालं. आणि मी ओट्याला धरून मुसमुसून रडलो, एवढा बाप्या माणूस. ते विनाकारण म्हणायचं की सकारण, हे तुमच्या शास्त्रात बसवून घे. मी हो वर खूण केली.

शेवटी शेवटी एक वाक्य आलं. मला एकट्याने राहता येतं. मी पेन धरून बसलो. किती वेळ ते माहीत नाही, पण बाहेर घंटा झाली, वर्ग सुटला, पोरं दंगा करत गेली आणि पुन्हा शांत झालं. मी त्या पोरीला विचारलं की बाई, यात मधलं काही लिहिता येतं का. ती म्हणाली, नाही काका, दोनच चौकटी आहेत. मी नाही वर खूण केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिनं तो न बघता पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, आणि मग तिच्या सूचनेत असतं तसं मला एक नंबर दिला, यातलं काही जड वाटलं असेल तर इथे बोलता येतं म्हणाली. आधीच्या सगळ्या सूचना तिनं कागदावरून वाचल्या होत्या, हे मात्र माझ्याकडे बघून म्हणाली. मी तो नंबर खिशात घातला आणि बाहेर येऊन तिथल्याच पायरीवर बसून लावला, घरी गेलो असतो तर लावला नसता. त्यांनी आजचीच वेळ दिली, सुट्टी त्यासाठी. सकाळी जाऊन आलो. हृदय ठणठणीत आहे, कागद आहे माझ्याकडे, दाखवीन. बाकी जे आहे त्याला वेळ लागेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. किती वेळ, विचारलं. सांगता येत नाही म्हणाल्या. बघ, दोन मिनिटं म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा विश्वास वाटला. दर गुरुवारी जायचं आहे.

आता हे सगळं तुला आजच का. विभागानं पाठवलेलं ते पाकीट सोमवारी तिथे तुझ्या हातात पडणार आहे. तू ती पट्टी ठेवशील आणि मोजशील. खोटेपणाचा आकडा या वेळी एवढासा असेल, आणि तुझा प्रकल्प वाचेल, त्यावर माझी पैज. मग तू दुसरा आकडा मोजशील, चिंतेचा, आणि तो बघून तू पेन खाली ठेवशील आणि बॅग काढशील. मी तुला ओळखत नाही का? तिथल्या माणसांना सोडून, ती हजेरी अर्धी टाकून, मंगळवारच्या गाडीत बसशील. म्हणून हे पत्र शनिवारी पोचायला हवं, आकड्याच्या आधी. आकडा खरा आहे. मला भीती वाटते, तू नाहीस म्हणून वाटते, आणि कधीकधी तू मोठी होऊन आलीस की मी तुला पुरेन का, याचीही वाटते. हे सगळं खरं आहे आणि तरी तू यायचं नाहीस. सत्र संपेपर्यंत तिथेच राहायचं. त्या कागदावर चौकटी दोनच होत्या गं, हो आणि नाही. 'शिकतोय' याला जागा नव्हती, ती जागा मी इथे करून घेतली. पहिल्या ताऱ्याला माझी पेन्सिल टेबलावर गेली होती तेव्हा तू मला नापास केलं नव्हतंस, पुन्हा म्हणाली होतीस. आताही तेवढंच म्हण. हिरवं पेन कपाटावर ठेवलं आहे, दोन्ही खुणा तू आल्यावर तुझ्या हातानं कर. आणि हे वाचशील त्या संध्याकाळी फोनवर कसे आहात विचारलंस, तर मी जरा थांबेन. फोन ठेवू नकोस, मी सांगतो.

तुझाच,
प्रयुक्त